कोरडा पेला

मंगळवार, दिवेलागण

लिही गं सुमे, माझी आजची रोजनिशी. तुझ्याबद्दलच आहे, तरी लिही.

माझी नात विंचूरच्या दारू कारखान्यात चव पारखते. आज घरी जुनी अमेरिकन बर्बन व्हिस्की आणली, शेवटी वाइनच्या पिंपात मुरवलेली. हुंगून म्हणाली, "आजी, मनुका, जळकं लाकूड! दहापैकी नऊ."

"गणितात कधी पडले का एवढे?" मी म्हटलं.

घोट तोंडात घोळवून वेगळ्या पेल्यात थुंकायचा, गिळायचा नाही, हे तिनंच मला सांगितलेलं. आज घोटावर घोट झाले, तो पेला कोरडाच. तिचे आजोबाही आधी नुसती चवच बघायचे. पुढे लिव्हरनं गेले.

थुंकायचं विसरली असेल का? पण एकदा तरी थुंकली असती, तर पेला कोरडा राहिला असता का?

लिही की. पेन का थांबलं, बाई?