लाल बियाणं

१४ मे १९६६, सांगली
पत्रकाचा मजकूर वेळेत छापखान्यात गेला. पत्रक संकरित ज्वारीच्या बियाण्याच्या पिशवीत घालायचं. 'बियाण्याला औषध चोळले आहे. लाल रंग ही विषाची खूण. खाऊ नये.' शेतकी प्रचाराच्या कचेरीत येण्याआधी मी वर्तमानपत्रात बरीच वर्षं काढली – छोटी वाक्यं हातात बसलीत. साहेब खूश.

२० मे
पिशव्या जतकडे गेल्या. तिकडे यंदाही दुष्काळच.

१९ जून
जतजवळच्या वाडीतल्या धुळाची मुलगी अंजना इथल्या सरकारी दवाखान्यात आहे. सहा वर्षांची. हात थरथरतात, नीट दिसत नाही. घरात आपल्या बियाण्याच्या भाकरी झाल्या!

साहेबांबरोबर गेलो. धुळा खाटेपाशी उकिडवा बसलेला. साहेब चिडले, "कागद वाचला नाहीस?"

"वाचला की. रंगात इख हाय, असं लिवलंय. मग रंग जाईस्तवर धुतलं."

माझंच वाक्य. त्याने ते तसं वाचलं, यात त्याचं काय चुकलं?

डॉक्टर म्हणाले, यावर उतारा नाही. वाट बघायची.

२० जून
नवी ओळ लिहून साहेबांपुढे ठेवली – 'धुतले तरी विष जात नाही.' म्हणाले, "पुढच्या हंगामात घालू. आता कागद कुठाय?" तोवर? तोवर ग्रामसेवकांनी तोंडी सांगायचं.

धुळाच्या वाडीकडचे ग्रामसेवक नानासो कामासाठी आलेच होते. हसले. "सगळ्या वाड्या आन् माझी एक सायकल. तीबी मेव्हण्यानं नेलीया."

२२ जून
कचेरीच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वतःच त्या ओळीच्या चिठ्ठ्या काढल्या. शाई फुटली, पण वाचता येतं. अंजना तशीच. हाक मारली की आवाजाच्या उलट दिशेला बघते.

२३ जून
चिठ्ठ्या वाड्यांत पोचवायला जतच्या एसटीत दिल्या. कंडक्टर म्हणाला, "बघतो." बघेल का?

२४ जून
एक चिठ्ठी दवाखान्यात नेली. धुळा चहाला गेला होता, त्याची आई अंबूबाई नातीजवळ होती. तिला वाचून दाखवली. तिने पदराने अंजनाचं तोंड पुसलं.

"ठावं व्हतं, दादा. धुतलं तरी थोडं ऱ्हातंच. घरात दुसरा दानाच न्हवता. साह्यबाम्होरं ह्ये कसं सांगायचं, म्हनून धुळा तसं बोलला."

मी चिठ्ठीची घडी घालू लागलो. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "घरी धाकटी दोन हायती. आर्दी पिशवी अजून हाय. तुमी एवढंच लिवा – किती पान्यात धुतलं म्हंजी पोरं जगत्याल?"