वेडा नव्हे, बसलेला

मी, बिंदुमाधव नरहर टोकेकर, वय ७७, राहणार संकठा घाटाची गल्ली, वाराणसी, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीबद्दल माझ्या मुलाला, शरदला, शंका आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही असा कागद मिळवायला तो मला सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहे. तो कागद मिळाला की माझ्याऐवजी आपली सही चालेल आणि घराचं गेस्टहाउस करता येईल, असा त्याचा हिशेब. म्हणून आजच लिहून मोकळा होतो.

१. माझा धंदा बनारसी साड्यांचे नक्शे, म्हणजे विणकरासाठी वेलबुट्टीचे आराखडे, काढण्याचा. पन्नास वर्षं रोज दुपारी मी घाटावरच्या मढीवर, पाण्यालगतच्या दगडी चौथऱ्यावर, नुसता बसलो. साड्यांचे व्यापारी विचारत, "पंडितजी, काम कब करते हैं?" अहो, तेच काम. बुट्टी कुठे घालायची हे कुणीही शिकवील. कुठे घालायची नाही, हे पाण्याकडे बघत बसल्याशिवाय सुचत नाही. आणि नाही सुचलं, तरी बसण्यातलं सुख कुठे जातं? त्या व्यापाऱ्यांना माझ्याकडून काहीही नाही.

२. घर माझ्यामागे माझ्या पत्नीचं, नंदाचं, ती असेपर्यंत. तिला वरच्या खोलीतून खालच्या खोलीतसुद्धा कुणी हलवायचं नाही. तिच्यानंतर शरदचं. मग त्यानं काय हवं ते करावं.

३. शरदची तक्रार खोटी नाही, तीही इथे नोंदवतो. गेल्या महिन्यात नंदा जिन्यात पडली, उजवं मनगट मोडलं. शरदनं घाटाच्या पायऱ्यांवरून मला हाका मारल्या. मी शंभर पावलांवर, मढीवर होतो, पण एकही हाक ऐकू आली नाही. शेवटी त्यानं येऊन मला गदागदा हलवलं. "आई तिकडे पडलीय आणि तुम्ही इथे हवेत बघताय? दिमाग खराब झालाय तुमचा." मला त्या दिवसाची लाज वाटते, फार वाटते. पण लाज वाटणारा माणूस वेडा नसतो, एवढं डॉक्टरांनी लक्षात घ्यावं.

४. शरद, लहानपणी तूही गच्चीवर तासन्‌तास पतंगांकडे बघत पडायचास. रिकामटेकडा म्हणून मी तुझ्या पाठीत धपाटे घातले आणि स्वतः मढीवर जाऊन बसलो. तुझा राग तेव्हापासूनचा असेल, तर तो मला मान्य आहे. माझी पट्टी, पेन्सिली आणि आलेखाच्या वह्या तुला. त्यांचं काही केलं नाहीस तरी चालेल.

५. नंदा पडली त्याच दुपारी मला मढीवर एक नक्शा दिसला होता. पुढे रात्रंदिवस बसून तो कागदावर उतरवला. आजवरचा सगळ्यांत चांगला आहे, हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. अजून कुणाला दाखवलेला नाही. तो नंदाचा. विणायला द्यावा की चुलीत घालावा, ते ती ठरवील, आणि ती ठरवील तेच बरोबर.

स्थळ: वाराणसी. शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५.

सही: बिं. न. टोकेकर

साक्षीदार, दोघेही शेजारी: मुकुल गर्दे, केयूर शेवडे

डॉक्टरांचा दाखला, सोमवार, १७ नोव्हेंबर: मुलानं तपासणीला आणलं. तासभर प्रश्न विचारले. उत्तर द्यायला वेळ लावतात, चुकत नाहीत. शुद्धीवर आहेत. डॉ. निवेदिता पायगुंडे

खाली, वेड्यावाकड्या अक्षरात: वाचलं. नक्शा विणायला देणार आहे. तुम्हाला माफ केलेलं नाही. नंदा (डाव्या हातानं)