पगाराचं सगळं सांगितलं

खांदा कॉलनी, नवीन पनवेल

प्रिय दादा,

तू सांगितलंस तसं केलं. अंकिताला समोर बसवून गणितात बी.एस्सी. झालेल्यांना काय पगार मिळतो आणि बाकीच्यांना काय, ते सगळं सांगितलं. आधी माझ्या बॅचच्या ग्रुपवर विचारूनही घेतलं होतं. पहिली आठ-दहा वर्षं आम्ही गणितवाले सगळ्यांच्या मागे होतो. इंजिनिअर झालेले आमच्या दुप्पट कमवायचे. मग चित्र बदललं. विमा कंपन्यांत, सॉफ्टवेअरमध्ये शिरलेले बरेच पुढे गेले. शिकवणारे मागेच राहिले. तेही लपवलं नाही.

मग आपल्या दोघांचं सांगितलं. मी कॉलेजात तासांवर शिकवायचे तेव्हा उन्हाळ्यात हातात काहीच पडायचं नाही आणि तुझा बंदरावरच्या ऑफिसातला पगार दर महिन्याला यायचा. मी कायम झाले, तिथून माझा पगार वाढत गेला. तुमच्याकडे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि पन्नाशीच्या आत तुला घरी बसवलं. तुझी भीती मला कळते, दादा. मुलीने खात्रीचं काहीतरी शिकावं, एवढंच तुझं म्हणणं आहे.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. पगाराबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाली, "आत्या, बाबा माझी गणितं माझ्याआधी सोडवतात. मग ते कॉमर्सला कसे गेले?"

तू तिला कधी सांगितलं नव्हतंस. मी सांगितलं. आबांनी होडी विकली त्या वर्षी ते म्हणाले होते, "दोगांना शिकवाया जमनार नाय." तुझा सायन्सचा प्रवेश झालेला होता. तू तो सोडलास, सकाळचं कॉमर्स कॉलेज घेतलंस आणि दुपारपासून कामाला लागलास. माझी एम.एस्सी. त्या पगारावर झाली.

काल आम्ही कॉलेजात जाऊन आलो. तिने बी.एस्सी.ला गणित घेतलं. पालक म्हणून सही मी केली. फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस, म्हणून हे लिहिलं. ती रविवारी उरणला घरी येईल, त्याआधी तुला कळायला हवं. रागवायचं तर माझ्यावर रागव. तिला वाटतं, तू तिच्याशी बोलणार नाहीस. मला वाटतं, पहिल्या वर्षाला काय काय शिकवतात, ते तू आधी विचारशील.

तुझीच,
किशोरी