कोंबडीची शेवटची लाथ

४ ऑक्टोबर १९८६

लाथ बसली! आज पडद्यावर पाहिली — कोंबडी हवेत गरकन फिरते, पिसं उडतात, कोल्हा थेट शेणात! वाशीच्या आमच्या एवढ्याशा गाळ्यात सगळे खो खो हसत होते. आमच्या या कार्टून सिनेमात पैसा घातलेले हिरामणशेठसुद्धा डोळे पुसत होते.

ती लाथ माझी. शाळेच्या मैदानावर कराटेचा क्लास चालतो, तिथे कुंपणाला टेकून, मुलांच्या लाथा बघत कागदावर काढलेली. पण जीव आणला तो गोटीरामकाकांनी. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता आमचे मुख्य चित्रकार. म्हणाले, "कोंबडीचा गुडघा कुठं असतो, म्हाईत हाय? तिथं वाकव. मग बघ पोरं कशी हसतात."

झोप येणार नाही आज.

८ ऑक्टोबर

सिनेमाच्या शेवटची मारामारी काका एकटेच काढतायत. घरी, बोनकोड्याला. कुणाला दाखवत नाहीत! "मी मदत करू?" विचारलं. "तुझं तू बघ." असं कधी बोलत नाहीत.

माझ्या डोक्यात सगळी मारामारी तयार आहे. कोंबडी कौलावर, कोल्हा खाली... जेवताना बाबा ओरडले, "सुमेधा, भाकरी खा. हवेत काय हातवारे चाललेत?" आई म्हणाली, "करू द्या हो, तिचं कामच तसलं आहे."

११ ऑक्टोबर

नाही आला शेवट. बसवत नाही, उठवत नाही.

१५ ऑक्टोबर

पाहिला.

कोंबडी उभी. कोल्हा उभा. कुणी हलतच नाही! नुसती चोच उघडते, मिटते. वरून जाडा आवाज — "भांडण वाईट असतं, बाळांनो." कोल्हा माफी मागतो. संपलं!!

हे काकांनी केलं? काकांनी?

१६ ऑक्टोबर

भांडले. सगळ्यांसमोर.

"काका, मारामारी कुठंय?"

"पोरांनी काय मारामारीच शिकायची?"

"मग आधी अर्धा तास काय शिकवलं आपण?"

काका चपला घालून निघून गेले. हिरामणशेठ म्हणाले, "दिवाळीच्या आधी दाखवायचाय, सुमेधा. टेन्शन नको वाढवू. पोरं हसली की झालं." म्हणजे यांनीच काकांना घाबरवलं असणार — लवकर उरका, खर्च नको! दुसरं काय?

पण काकांनी ऐकलं कसं? दोन वर्षं ज्यांच्याकडून शिकले ते हेच का?

२१ ऑक्टोबर

आज संध्याकाळी घणसोलीला, हिरामणशेठच्या अंगणात, पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवला. अख्खा गाव जमला होता. काका आले नाहीत.

लाथेला शिट्ट्या! पोरं एकमेकांवर कोसळत होती. एक आजोबा हसून हसून खोकायला लागले. मला रडू येईल की काय असं झालं.

मग शेवट. हळूहळू गप्प. पोरं उठून पळापळी खेळायला लागली. हिरामणशेठची आई, सगुणाआजी, पुढेच बसली होती. मोठ्यांदा म्हणाली, "एवऱ्या लाथा मारल्या त्या कोंबरीनं, न् आता भासन आयकत बसली? हिरामन, पैसं संपलं का रं तुझं?"

सगळं अंगण हसलं. सिनेमाला नाही, आम्हाला.

शेठ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मारामारी काढू नका असं मी काय बोललो नव्हतो गं त्यांना. मलापण मारामारीच पायजे होती."

मग काका असे का वागले? उद्या तोंडावर विचारणार. आणि सांगणार — मी काम सोडतेय.

२२ ऑक्टोबर

बोनकोड्याला गेले. दार उघडंच होतं. काका खाटेवर, आणि केशरबाई — त्यांची बायको — बशीतून त्यांना चहा पाजत होती. लहान मुलाला पाजतात तसा. मला पाहून काकांनी उजवा हात मांडीखाली दाबला. तरी तो थरथरतच होता.

"पावसापासून असाच हाय," केशरबाई म्हणाली. "कोनाला सांगू नको बोलतात. एक रेघ सरल येत नाय गो."

मी उंबऱ्यातच थांबले. काकाच म्हणाले, "उभी काय? कागद घे."

आणि कोंबडीची शेवटची लाथ कशी हवी होती, ते खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी मला पायाने करून दाखवलं.