अठ्ठावीस खणांची पेटी

९ नोव्हें., रविवार
या घरात माझ्या हातचं: किचनची कपाटं (एकही स्क्रू नाही), जिन्याचा कठडा, देव्हारा, मागची शेड. कुणाकडे शिकलो नाही. आज त्यात वसुधाची औषधपेटी. ओक, २८ खण, दिवसाला एक. जवसाच्या तेलाचे तीन हात, शेवटचा काल. रोज दोन गोळ्या, महिनाअखेरपर्यंतच्या ४२. सगळ्या पाकिटांतून काढून खणांत भरल्या. पाकिटं टाकली. शेजारची जॅनेट बघून गेली, हात फिरवत राहिली.
वसुधा म्हणाली, "अहो, पाकिटात बऱ्या होत्या की." बायकांना मांडणी कळत नाही.
तिची शेवटची फिट गेल्या वर्षी ९ डिसें.ला. एक महिना राहिला. फिटशिवाय वर्ष कोरडं गेलं की तिचं ड्रायव्हिंग लायसन्स परत. मग तिचं वॉर्डवर कामाला जायला दोन बस बदलणं बंद.

१२ नोव्हें., बुधवार
सकाळी खण उघडला. गोळ्या पिवळ्या, तेलाचा वास, तळाला चिकटलेल्या. सगळे खण तसेच. ३८ वाया.
तेल आतून वाळलं नव्हतं. हे मला कळायला हवं होतं.
सर्जरीला, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला फोन, रांगेत अकरावा. "नेक्स्ट इश्यू एक डिसेंबर." आधी हव्या तर फॉर्म, डॉक्टरांची मंजुरी. या जातीच्या गोळ्यांना नियम जास्तच कडक. फार्मसीतून इमर्जन्सी म्हणून पाच दिवसांच्या मिळाल्या, १०. फार्मसिस्ट पोरगी मुलीच्या वयाची. "अंकल, पाकिटातून काढल्याच कशाला?"
पिशवी उचलून निघालो.

१३ नोव्हें.
फॉर्म. कारण: "डॅमेज्ड." एवढं पुरे. कसं, ते त्यांना कशाला.

१७ नोव्हें., सोमवार
सर्जरीचा मेसेज: माहिती अपुरी. नेमकं काय झालं ते लिहा.
गोळ्या मोजल्या. शिल्लक शून्य हवी. पाच.
वसुधाला विचारलं. इस्त्री करत होती, मान वर केली नाही. "रोज एकच घेतेय. पुरवायला नकोत?"
"मला न सांगता?"
"तुम्ही फॉर्मवर खरं लिहा, मी दोन घेते."

१८ नोव्हें.
दोन पानं लिहिली. खणांची मापं, तारखा, गोळ्यांचा हिशेब, पेटीचा नकाशा. "स्टोरेज कंडिशन्स" असं लिहिलं. तेलाचा उल्लेख नाही. वसुधाने वाचलं. "छान. टेंडरच भरलंत."

२० नोव्हें., गुरुवार
स. ७.१०. वसुधाच्या हातून चहाचा मग पडला. डावा हात उडत होता, तोंड एका बाजूला. माझ्याकडे बघत होती पण बघत नव्हती. चाळीस सेकंद, घड्याळ समोरच होतं.
शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "हे वहीत मांडू नका."
मांडलं आहे.
दोन्ही पानं फाडली. नव्या फॉर्मवर: "नवऱ्याने पेटीला तेल लावलं. चूक नवऱ्याची." स्वतः नेऊन दिला. काउंटरवरची बाई वाचून म्हणाली, "थँक यू." आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं.
पेटी शेडमध्ये ठेवली.

२१ नोव्हें., शुक्रवार
शेवटची गोळी आज सकाळी. फार्मसी: इमर्जन्सी दुसऱ्यांदा नाही. दुपारी सर्जरीचा फोन, आज तीन दिवसांच्या देतात, पुढचं सोमवारी. डॉक्टर वसुधाशी बोलणार, मधे फिट आली का विचारणार.
वसुधा: "चाळीस सेकंद. तुमच्याशिवाय कुणी पाहिलं?"
"मी पाहिलं."
"अहो, मला ठाऊकाय तुम्ही पाहिलं ते." मग ओटा पुसायला लागली. सोमवारी काय सांगणार ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
संध्याकाळी जॅनेट आली. ती वृद्धाश्रम चालवते. तिथल्या लोकांसाठी तशाच पेट्या हव्यात, बारा. किंमत तिनेच सांगितली, नगाला १२० पौंड. वसुधा दारात उभी होती.
नाही म्हटलं. १,४४० पौंड.