तेलातलं पाणी

मंगळवार, ६ जानेवारी

गाडी बंद पडली! गडमुडशिंगीला, शेताच्या कडेला, डबा अजून उघडायचा होता. आधी तेलाचा लाल दिवा, मग आतून खडखड — आणि सगळं शांत. ट्रॅक्टरला बांधून घरी आणली तोवर सूर्य मावळला. ह्यांनी तोंड मिटून घेतलं. बायकोला विसरले, लेकीला विसरले, पण सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हे मात्र पक्कं लक्षात!

दोन वर्षं हे फक्त गाडीत जेवतात. संध्याकाळी पाचला निघायचं, मी चालवायची, बांधाला थांबून भाकरी कुस्करून भरवायची. घरात ताट मांडलं की परक्याच्या दारात आल्यासारखे उभे राहतात. गाडी नाही तर जेवण नाही.

दिवसच वाईट. सकाळी गाडीत पाणी घालतानाही रोजचाच तमाशा. पस्तीस वर्षं ते स्वतः घालायचे. मी दुपदरी फडक्यानं गाळून तांब्या द्यायची, ते बोनेट उघडायचे. "पहिलं हिला, मग मला चहा." दिवाळीपासून हात कापतात म्हणून मी ओतते, तर अंगावर येतात. "न्हाय! न्हाय!" दिवसभरात एवढाच शब्द. माझ्या हाताला हिसका देतात, निम्म्याच्या वर पाणी फरशीवर. मी पाठीवरून हात फिरवते — झालं हं, झालं — आणि उरलेलं ओतते.

बुधवार, ७ जानेवारी

केरबा मिस्त्री आला. वीस वर्षं ही गाडी त्याच्याच हाताखाली. मी पायरीवर ह्यांना धरून बसले होते. बोनेटखालून बरबटलेलं बोट माझ्यापुढं नाचवत म्हणाला, "बघा काकू. वर लोणी, खाली काकवी!"

पिवळट, फेसाळ, घाण वास. म्हणे तेलात पाणी गेलंय.

"पाणी कसं जाईल? दिवाळीत तेल तूच बदललंस. भेसळीचं घातलंस का?"

तो बोट पुसत राहिला. मग हळूच — "वीस वर्सं झाली काकू. असं बोलाय नको हुतं."

मी शब्द मागे घेतला नाही. का नाही घेतला?

एखादं औषध ओतून धुऊन निघणार नाही का, विचारलं. "न्हाय. गाळ सुटंल आन् तेलाच्या जाळीत जाऊन बसंल, मग इंजिनच जाम. खालचं तेलाचं चेंबर उतरवून खरवडाय पायजे. आठवडा धरा."

गाडी गॅरेजला ओढून नेली. आठवडा! ह्यांच्या पोटात आज एक कप दूध.

शुक्रवार, ९ जानेवारी

शेजारच्या संयोगितानं तिची गाडी काढली. बिचारी हौसेनं म्हणाली, "चला आप्पासो, नवी कोरी हाय!" हे बसले, सीटवरून हात फिरवला, उतरले. अंगणात आपली गाडी असायची त्या तेलकट डागाशी जाऊन उभे राहिले. सूर्य मावळेपर्यंत.

दोन घास. तेही थुंकले.

शनिवार, १० जानेवारी

डॉक्टर म्हणतात, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी. देवा, ह्या माणसाच्या नाकात नळी!

रविवार, ११ जानेवारी

गॅरेजला गेले. चेंबर उतरवलेलं — पत्र्याची खोलगट परात, तळाला बोटभर थर. गुऱ्हाळातल्या कढईची खरवड आठवली. लहानपणी आम्ही चाटायचो. केरबा पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत होता. मला राहवेना. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन जाळी घासायला बसले. एकेक भोक मोकळं व्हायला लागलं. आयुष्यभर पाणी गाळून प्यालो आणि गाळ साचला तो इथं.

"काकू, घरात गाडीपाशी कोण जातंय का?"

ब्रश हातात तसाच राहिला. मी आंघोळीला गेले की हे अंगणात एकटेच असतात. ह्यांनीच कुठंतरी पाणी ओतलं असणार. आणि मी केरबाला बोलले!

पुण्याला लेकीला, ऐश्वर्याला, फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, आज तेलात पाणी, उद्या गॅस चालू ठेवतील. तुला एकटीला नाही झेपणार." तिनं तिकडं अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र बघून ठेवलंय. गुरुवारी त्यांची गाडी येईल.

मी हो म्हणाले.

सोमवार, १२ जानेवारी

दूध आणि अर्धं केळं. डॉक्टरांकडून गुरुवारपर्यंत मुदत मागून घेतली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. केरबानं चारला गाडी आणली. आवाज इतका मऊ की ह्यांनी मान वळवली! "रेडिएटर मातर ठाक कोरडा हुता, भरलाय," म्हणाला. मी म्हटलं, रोज घालते की! "मग गळत आसंल. उद्या बघतो." तिळगूळ घेतला त्यानं, पण नजर दिली नाही.

बांधावर दीड भाकरी! एकदा वाटलं, सांगावं ऐश्वर्याला, नाही पाठवत. पण आंघोळीची ती दहा मिनिटं मी कुठून आणू?

ह्यांच्या शर्टांच्या कॉलरला आतून नाव शिवलं. केंद्राचा नियम. बोर्डिंगला जाताना आईनं माझ्या फ्रॉकवर असंच नाव शिवलं होतं, आणि मी फाटकाशी रडले होते. हे रडणारही नाहीत.

गुरुवार, १५ जानेवारी

सकाळी शेवटचं म्हणून पाणी घालायला दोघं गेलो. मी रोजचं झाकण फिरवलं. "न्हाय!" मनगट घट्ट धरलं. आज मी हिसडा दिला नाही. म्हटलं, शेवटचंच आहे, धरू दे. त्यांनी माझा हात, तांब्यासकट, पुढं दुसऱ्याच झाकणावर नेला.

"हितं. तिथं तेल."

म्हणजे दिवाळीपासून तेलात पाणी मीच ओतत होते. ऐश्वर्याला केंद्राची गाडी परत फिरवायला सांगितली. केरबाकडं जायचंय, पायी. त्याआधी शर्टांवरची नावं उसवायला बसलेय.