भेग किती खोल होती

आबा, तुमची विहीर मी काही महिन्यांपूर्वी पुन्हा खणली. संगणकावर खणली, म्हणजे हात मळले नाहीत आणि घामही आला नाही. वरचा काळ्या मातीचा थर, त्याखाली पिवळट मुरूम, त्याखाली काळा पाषाण, असं सगळं तुम्ही मला जसं सांगायचात त्याच क्रमानं रचलं. मग काठापासून थोड्या अंतरावर पाट आखला आणि त्यात पाणी सोडलं. माझ्या खोलीत कुणीच नव्हतं. तरी पाणी सोडायच्या आधी मी क्षणभर थांबले, खाली कुणी आहे का हे बघायला थांबावं तशी.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी सांगायचा प्रसंगच आला नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी तिसरीत होते. माती, खडक आणि पाणी कसं वागेल हे गणितात मांडायचं, असं माझं काम आहे. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारा चिखल किती लांब जाईल, हे आम्ही आधी काढून बघतो. माझी काही वर्षं तर दुसऱ्या एका ग्रहावर फार पूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याच्या ओघांमागे गेली. तिथे कुणी राहत नाही, कुणाचं काही बुडत नाही, म्हणून ते काम मला आवडायचं. खडकसुद्धा वाहतो, आबा. फार हळू वाहतो, इतकंच. आपल्या पायाखालचा काळा पाषाणही कधीतरी काकवीसारखा पसरत आला होता, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमची आठवण झाली. एकदा तुम्ही कुठल्याशा विहिरीतून पांढऱ्या स्फटिकांचा एक गड्डा आणला होता, आत किंचित हिरवी झाक असलेला. माझ्या ओंजळीत ठेवून म्हणालात, "घे. दगडाच्या पोटात ह्ये असतंय." आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पोरीला दगडं आना, मला कायबाय शिजवायला आना." तुम्ही हसलात. आईही हसली. त्या घरात तुम्ही दोघं एकदम हसल्याचं मला आठवतं, ते हे एवढंच.

दुष्काळात गावातल्या सगळ्यांची कामं गेली आणि तुमचं वाढलं. लोक खडी फोडायला जायचे, शाळेत सुकडी मिळायची, घरोघरी ती परदेशी लाल मिलो ज्वारी शिजायची, आणि तुमची टोळी मात्र एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर चाललेली. जो तो विहीर खोल करायच्या मागे होता. दुष्काळ सरला तरी लोकांच्या मनातली भीती सरली नव्हती, म्हणून पुढच्या उन्हाळ्यातही कामं होतीच. ती शेवटची विहीर गावाच्या खालच्या अंगाला, नव्या पाटाजवळ. तुमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे आधी पाण्यापर्यंत जायचं आणि मग खालून वर दगडी बांधकाम करत यायचं, म्हणून भिंती अजून उघड्याच होत्या. मी शाळा सुटली की आईबरोबर तिकडे यायचे. विहीर आणि पाटाच्या मधल्या रानात उन्हानं भेगा पडल्या होत्या. एकदा मी पालथी पडून एका भेगेत हात घातला. हात खांद्यापर्यंत गेला आणि तरी तळ लागला नाही. आत गार होतं. तेवढ्यात तुम्ही मागून आलात, मला दंडाला धरून उठवलंत आणि ओरडलात, "इच्चू आसतो त्यात! पुन्ना हात घातलास तर तंगडं मोडून हातात दीन." हात घातला तर तंगडं का मोडायचं, असं मी विचारलं नाही. रडले मात्र खूप, कारण तुम्ही त्याआधी मला कधी रागावला नव्हतात.

मग पाटाला पहिल्यांदा पाणी आलं. तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. लोक पाटाच्या कडेनं उभे आहेत, कुणी नारळ फोडतंय, एक म्हातारी पदर ओला करून तोंडावरून फिरवतेय. पाणी मातकट, पुढे काडीकचरा ढकलत येणारं. रानाच्या मालकानं लगेच बारं धरलं, पाटाचं पाणी रानात वळवलं, आणि पाणी त्या भेगांमध्ये शिरलं. ते रानात पसरतच नव्हतं, नुसतं खाली जात होतं, आणि सगळे कौतुकानं बघत होते. तुमच्या टोळीतले एक काका म्हणाले, "मुकादम, आता तुमचा धंदा बसला. पाट आला, इहिरीला कोन इचारतंय?"

"पाट सरकारचा हाय," तुम्ही म्हणालात. "सोडला तर सोडला. इहीर आपली."

"तुमाला बरं उत्तर सुचतंय पटापटा."

"खाली बसून बसून सुचतंय. वर गार वारं लागतंय, डोकं चालत न्हाई."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी आई चहाची किटली घेऊन काठावर उभी होती. मी शाळेत होते, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, पण आईकडून इतक्यांदा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. माती आणि माणसं वर ओढायच्या यारीच्या बादलीत दोनच माणसं मावायची. खाली तुम्ही तिघं. रोज आईनं हाक मारली की पहिल्या फेरीला तुम्ही आणि आणखी एकजण वर यायचात, तुम्हाला चहा कढत लागायचा म्हणून. त्या दिवशी तुम्ही दोघांना बादलीत बसवलंत आणि आईला खालून तुमचा आवाज आला, "तुमी व्हा फुडं, मी आलो." बादली वर आली, दोघं उतरले, आणि पाटाकडची भिंत आत आली.

आई त्यावर आयुष्यभर एकच वाक्य बोलत राहिली. "तुझ्या बापाला कळलं हुतं." भिंत फुगलेली तुम्हाला दिसली होती, म्हणून तुम्ही त्या दोघांना आधी काढलंत, असं तिचं म्हणणं. गावानं तुम्हाला त्यासाठी देवमाणूस ठरवलं. आईनं नाही. "दोन माणसं वाचवली. बरं केलं. पर घरी दोन जीव हुते, ते दिसले न्हाईत व्हय त्याला?" हे ती सणावाराला म्हणायची, माझ्या लग्नात म्हणाली, पितृपक्षात तुमच्या नावाचं पान वाढतानाही म्हणायची आणि मग त्याच पानावर तूप जरा जास्त घालायची. लहानपणी मला वाटायचं की आई दुष्ट आहे. मला स्वतःला मुलगी झाली तेव्हा कळलं की ती एक प्रश्न विचारत होती आणि उत्तर देणारा माणूस खाली होता.

गेल्या दिवाळीत ती मला म्हणाली, "तू येवढं मशिनीवर डोंगर पाडून बघती. मंग तेवढं बघ की. त्याला कळलं हुतं का न्हाई, येवढंच." मी हसून टाळलं. ती पुन्हा म्हणाली, "मी मरायच्या आधी बघ." मग टाळता आलं नाही.

म्हणून विहीर खणली. आधी टोळीतल्या त्या काकांना जाऊन भेटले, त्या दिवशी वर आलेल्या दोघांतले आता ते एकटेच हयात आहेत. त्यांना विचारलं, आबा काही बोलले होते का? ते तंबाखू मळत म्हणाले, "बोलले न्हाईत. भिंतीकडं बघत हुते. पर त्ये कायमच बघायचे, पोरी. आमी जेवताना ताटाकडं बघायचो, त्ये भिंतीकडं." ते एवढंच सांगू शकले. थरांची जाडी, मुरमाची ताकद, काळ्या मातीत पाणी किती वेगानं मुरतं, हे सगळं मी शेजारच्या विहिरी बघून, माती उकरून, तपासून घेतलं. एक गोष्ट कुठेच मिळणार नव्हती. त्या वर्षी त्या रानातली भेग किती खोल होती?

आणि सगळं त्यावरच अडलं, आबा. भेग पार मुरमापर्यंत गेली असेल, तर पाणी तिच्यात उभं राहतं, मागून भिंतीला रेटतं, आणि भिंत कसलीही खूण न दाखवता एका दमात येते. तसं असेल तर तुम्हाला काही कळायला जागाच नव्हती. पण भेग मध्येच संपली असेल, तर माती आधी भिजते, फुगते, हळूहळू पुढे सरकते. भिंतीला पोट येतं, सकाळपासून ढेकळं सुटत राहतात. तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून ते सुटणं शक्य नाही. मी दोन्ही करून पाहिलं. दोन्हींमध्ये भिंत पडते, दोन्हींमध्ये तुम्ही खाली असता. भेगेची खोली म्हणून माझ्याकडे फक्त एका लहान मुलीचा हात होता, खांद्यापर्यंत, आणि त्याखाली किती ते कुणाला ठाऊक नाही. कामावर असा प्रश्न आला असता, तर मी अहवालात सरळ लिहिलं असतं की यावरून काही सांगता येत नाही.

मी लॅपटॉप घेऊन गावी गेले. आई ओसरीवर बसली होती. मी तिला पहिलं चित्र दाखवलं, खोल भेगेचं. तिनं चष्मा पुसून घेतला. "ह्यो लाल पट्टा काय?"

"तिथे जोर जास्त आहे, आई. पाण्याचा."

"आन ते कुठं हुते?"

मी विहिरीच्या तळाशी बोट ठेवलं. तिनंही बोट पुढे केलं, पण पडद्याला लावलं नाही, तसंच हवेत धरलं. आणि माझ्या लक्षात आलं की ती 'तुझा बाप' म्हणाली नव्हती.

"दिसलं असतं का त्यांनला?"

"नाही," मी म्हणाले. "एकदम झालं. कुणालाच दिसलं नसतं."

दुसरं चित्र मी उघडलंच नाही. मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "दमले असतील गं. उन्हाचं काम. रोजच्यावानी पयलं उठून यायला नगं वाटलं असंल. जरा टेकले असतील." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "मी लई बोलले त्यांनला." ती रडली नाही. आत गेली आणि भांडी घासायला बसली, घासलेलीच भांडी. त्यानंतर मी दोनदा गावी जाऊन आले. तुमच्याबद्दल ती आता चांगलं बोलते, तुमच्या जेवणाच्या आवडी सांगते, तुम्ही कसे लाजायचात ते सांगते. आवाजात ती जुनी धार नाही. ती एकदम खूप म्हातारी दिसायला लागली आहे.

हे पत्र तिच्या हाती लागलं तरी तिला वाचता येणार नाही. पण ती ते मला वाचून दाखवायला सांगेल, आणि ते माझ्यानं होणार नाही, म्हणून ते इथे माझ्या घरी ठेवणार नाही आणि गावीही नेणार नाही. दुसरं चित्र फक्त मी पाहिलेलं आहे. त्यात भिंतीला सकाळपासून पोट येतंय, आणि तुम्ही ते बघताय, आणि दोघांना बादलीत बसवताय. त्या दोघांच्या मुलानातवंडांनी घरं भरलेली मी पाहून आले आहे, तरी सांगते. आईनं तुमच्यावरचा राग सोडला, आबा. तो आता माझ्याकडे आला आहे.